पवनी: वैनगंगेच्या काठचं जुनं नगर

विदर्भातल्या बऱ्याच जणांनी सांची पाहिलेली असते, अजिंठा-वेरूळ तर शाळेच्या सहलीतच होऊन जातं. पण नागपूरहून उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने साधारण ८५-९० किलोमीटरवर असलेल्या पवनीचं नाव काढलं की समोरचा विचारतो, "म्हणजे करांडल्याच्या सफारीचं गेट ना?" गेट आहेच, वाघही आहेत. पण भंडारा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव इसवी सनाच्या आधीपासून त्याच जागी नांदतं आहे. भोवती तट, तटाबाहेर खंदक, एका अंगाला वैनगंगा आणि वेशीबाहेर स्तूप. त्यातल्या एका स्तूपाचा व्यास तर सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही थोडा जास्त भरला. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. म्हणून संक्रांत आटोपल्यावर मामा, मामी आणि मी जाऊन आलो, त्याचं हे सविस्तर वर्णन.

शुक्रवार

मामांची अट एकच होती, आधी अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय. "पवनीचं अर्धं वैभव नागपुरात आहे. ते न पाहता गेलीस तर तिथं तुला नुसत्या टेकड्या दिसतील," असं त्यांनी बजावलं होतं. मामा पोस्टातून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर त्यांनी ब्राह्मी लिपी शिकून घेतली आणि आता कुठेही जुना दगड दिसला की ते आधी त्यावर अक्षरं शोधतात.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. इथल्या पवनीच्या वस्तूंपैकी माझं पाऊल अडलं ते एका दगडी स्तंभापाशी. हा महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला खांब. क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ते, म्हटले की आपल्याला गुजरात, माळवा, फार तर नाशिक आठवतं. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी आठवणीसाठी वैनगंगेकाठी कुणीतरी दगड घडवला, त्यावर नाव कोरलं. तो माणूस तिथं कसा आला, लढायला आला की कारभार पाहायला, याची कल्पना करत मी बराच वेळ उभी होते.

मामांनी तिथेच मला धडा दिला. ब्राह्मीतला ‘न’ अगदी सोपा आहे, आडव्या रेघेवर उभी रेघ. त्याच्या बाजूला टिंब असलं की अनुस्वार. १८३७ च्या सुमारास इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख पाहत होता. जवळजवळ प्रत्येक लेखाचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो हे त्याच्या ध्यानात आलं. इतक्या लोकांनी इतक्या दगडांवर शेवटी काय लिहिलं असेल? ‘दानं’. त्या अटकळीने शेकडो वर्षं मुकी झालेली लिपी बोलायला लागली. "पवनीचे दगडही तसेच आहेत," मामा म्हणाले. "राजाने नाही, लोकांनी दिलेले."

(जाणाऱ्यांसाठी: अजब बंगला सोमवारी बंद असतो. पवनीची एसटी गणेशपेठच्या बसस्थानकावरून मिळते. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी गाडी ‘पवनी रोड’ नावाच्या स्टेशनावर थांबायची, पण ब्रॉडगेजच्या कामासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. आणि ते स्टेशनही गावापासून बरंच लांब होतं.)

दुपारची बस धरली. उमरेडपर्यंत कोळशाचे ट्रक, त्यानंतर मात्र रस्ता मोकळा होत गेला. भिवापूर ओलांडलं आणि कापूस-सोयाबीनचा मुलूख मागे पडून धानाचा सुरू झाला. कापणी होऊन गेली होती. बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग, अजून कुठे कुठे उभे होते, आणि रिकाम्या झालेल्या बांध्यांत लाखोळी फुलली होती. तिची निळी फुलं इतकी बारीक असतात की बसमधून नुसती जमिनीवर निळसर छटा दिसते. बांधावर तूर, तुरीखाली वालाचे वेल. मामी म्हणाल्या, "इथं जमीन एक दिवस मोकळी ठेवत नाहीत."

पवनीत उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मुक्काम मामांच्या जुन्या सहकाऱ्याकडे, तेही पोस्टमन होते. काकांनी सायकल हातात धरून पायीच नेलं आणि नेता नेता गावच दाखवलं. किल्ल्याच्या दरवाजातून आजही रोजची रहदारी चालते. दगडी कमानीखालून मोटरसायकली, शाळेतून परतणाऱ्या पोरी, तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेला ट्रॅक्टर, सगळं एकापाठोपाठ एक. कुणी मान वर करून कमान पाहत नाही. त्यांचं तिथूनच जाणं-येणं आहे, त्यांनी का पाहावी? मी मात्र आत-बाहेर करत राहिले. "पवन राजाचा किल्ला म्हनतेत जी," काका म्हणाले, "राजा कोनी पायला नाही, पर नाव पडलं."

रात्री काकूंनी पानात वाढलं ते आधी सांगते. वांगं आणि ओल्या वालाच्या दाण्यांची भाजी, वर भिवापुरी मिरचीचा तवंग. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते का मिळालं हे पहिल्या घासाला कळलं. रंग गडद लाल, पण तिखटपणा घशाला टोचत नाही. सोबत वाफाळता भात आणि लाखोळीच्या डाळीचे भजे. पोळी हवी का असं काकूंनी विचारलं, पण या भागात पाहुण्याने भाताला नाही म्हणू नये असं माझं मत आहे.

शनिवार

पहाटे काका दार वाजवत आले. "घाटावर जायचं त सूर्य निंगायच्या आंधी जा."

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, ते देवळांच्या संख्येमुळे. गल्लीगणिक देऊळ आहे. काही नांदती, काहींच्या शिखरावर पिंपळ वाढलेला. या सगळ्या गल्ल्या उतरत जातात त्या घाटांकडे. दिवाण घाट, वैजेश्वर घाट, घोडेघाट. आम्ही दिवाण घाटाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा नदी दिसतच नव्हती. धुकं पाण्यालाच चिकटून बसलं होतं. चौथी-पाचवी पायरी आणि त्याखाली पांढरं. कुठूनतरी वल्ह्याचा आवाज येत होता.

मग धुक्यातून डोंगा पुढे आला. एक धिवरदादा रात्रीची जाळी काढून परतत होते. मामांनी हात जोडून विचारलं, थोडं फिरवून आणाल का? त्यांनी आधी मामींकडे पाहिलं. "मावशी बसतीन का? मधात हलाचं नाही." मामी पदर खोचून सगळ्यात आधी चढल्या.

पाण्यातून पवनी वेगळी दिसते. वरून एकेक देऊळ पाहताना जे कळत नाही ते इथून कळतं. नगर बसवणाऱ्यांनी ही जागा निवडली कारण नदी इथं संरक्षणही देते आणि रस्ताही. उरलेल्या बाजूंना खंदक खणला आणि तट घातला की काम झालं. उन्हं आली तसं धुकं फाटत गेलं, आधी एक कळस, मग घाटाची वरची ओळ, मग धुणं घेऊन उतरणाऱ्या बायका.

दादांच्या डोंग्यात पायापाशी मासोळ्या तडफडत होत्या. फार नव्हत्या. गोसेखुर्दचं धरण इथून वर आहे. नदीत पाणी किती असायचं ते आता धरण सोडेल त्यावर. "आंधी पानी पाहून सांगत होतो कोनता मासा भेटन. आता गेटवाल्याले इचाराव लागते," असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी नागपूरच्या ना जी? तुमची नागनदी इकडंच येते." नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात जातं, हे मी वाचलेलं होतं. पण त्या पाण्यावर ज्याचं पोट आहे त्याच्या डोंग्यात बसून ते ऐकणं फार जड गेलं. मी काय बोलणार? दादांनीच विषय बदलला आणि जाळ्यात अडकलेला झिंगा सोडवून दाखवला, निळसर नांग्यांचा, माझ्या तळहाताएवढा. पैसे देऊ केले तर अर्धेच घेतले. झिंगे मात्र मामांनी त्यांच्याकडूनच विकत घेतले, ते दुपारी काकूंच्या तव्यावर पोचले.

(घाटावर जायचं तर थंडीतच जा, आणि पहाटे. उन्हाळ्यात दगड तापतो आणि पावसाळ्यात पाण्याचा नेम नसतो. डोंग्यात बसायचं ते धिवरदादा हो म्हणाले तरच, आग्रह करू नये.)

घाटावरून वर येताना पंचमुखी गणेश पाहिला. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा एक, ‘सर्वतोभद्र’ म्हणतात. भव्य देवळाची अपेक्षा घेऊन जाऊ नका. हा गणपती मूर्तीपेक्षा खांबासारखा आहे, एकाच पाषाणात वेगवेगळ्या दिशांना तोंडं. कुठूनही या, देव तुमच्याकडे पाहतोच. दर्शनाला आलेल्या एका आजींनी मला हाताला धरून प्रदक्षिणा घालायला लावली. "एका जाग्यावर उभं राहून दिसत नाही बाई हा. फिर." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

जेवून, थोडं लवंडून, जगन्नाथ टेकडीकडे निघालो. सगळ्या प्रवासाचा गाभा हाच, म्हणून जरा थांबून लिहिते.

गावाच्या वेशीबाहेर बालसमुद्र नावाचा तलाव आहे. त्याच्या जवळ ही टेकडी, माथ्यावर जगन्नाथाचं देऊळ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते चालवलं, त्याचा अहवाल १९७२ मध्ये निघाला. मातीच्या टेकाडाखाली निघाला विटांचा स्तूप. पुढच्या पिढ्यांनी तो वाढवलाही, भोवती दगडी कठडा उभारला. कठड्याच्या खांबांवर शिल्पं आणि लेख निघाले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं हे काम, भरहुत-सांचीच्या घराण्यातलं.

आज तिथं काय दिसतं? विटा दिसतात. मोठ्या, चपट्या, आजच्या विटेपेक्षा बऱ्याच लांबरुंद. मी गुडघे टेकून एका थराजवळ बसले. एका विटेच्या कडेला भाताच्या तुसाचे ठसे होते. चिखलात तूस कालवून वीट पाडली, भाजताना तूस जळून गेलं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहिल्या, काहींत तर तुसावरच्या रेघाही दिसत होत्या. काल बसमधून पाहिलेले पुंजणे आणि ही वीट, मध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं. या मुलखात तेव्हाही धानच होतं!

मामा देवळाच्या सावलीत बसले आणि त्यांनी वही उघडली. अहवालातून उतरवून घेतलेलं ते मोठ्याने वाचत होते. एका स्तंभावर पाच फण्यांचा नाग आहे. झाडाखाली आसन, त्यावर नागाने फणा धरलेला, आणि आसन रिकामं. तो मुचलिंद नाग. बोधी मिळाल्यानंतर वादळपावसात त्याने बुद्धाला आडोसा दिला ती ही गोष्ट. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात कोरत नसत, म्हणून आसन मोकळं. नागाचं नावही खाली ब्राह्मीत कोरलेलं आहे, बघणाऱ्याला ओळख पटावी म्हणून.

आणि मग त्यांनी विसमितेचं दान वाचलं. विसमिता नावाच्या एका उपासिकेने या कठड्यासाठी दान दिलं. ती कुणाची बायको, कुणाची मुलगी, कुठल्या घरची, याचा लेखात पत्ता नाही. सगळ्या प्राण्यांना सुख होवो, एवढी एकच इच्छा तिने दगडावर कोरून घेतली आहे.

मामी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "स्वतःसाठी काहीच नाही मागितलं?"

मला पवनीबद्दल जे सांगायचं आहे ते या टेकडीवरच सुचलं. आपल्याकडे जुन्या नगराची गोष्ट राजापासून सुरू होते. पवन राजा, क्षत्रप, सातवाहन. सातवाहनांची नाणी इथं सापडली आहेतच. पण पवनीचा स्तूप उभा राहिला तो अशा नावांवर. कुणी भिक्षू, कुणी उपासिका, एकाने एक खांब, दुसऱ्याने एक आडवी शिळा. आणि हीच नावं गावात कुणाला माहीत नाहीत. टेकडीवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना मी विचारलं, इथं काय निघालं होतं? "बुद्धाचा स्तूप," एकाने पटकन सांगितलं. कुणी बांधला? "राजानं." त्याचा काय दोष! टेकडीवर विसमितेचं नाव कुठेच लिहिलेलं मला दिसलं नाही. मामांनी वहीच्या पानावर ब्राह्मीत ‘दानं’ काढून दिलं तर बॅट टाकून सगळे जमा झाले. मग प्रत्येकाला आपापलं नाव ब्राह्मीत हवं होतं. पानं संपेपर्यंत मामा लिहीत बसले.

(टेकडी संरक्षित आहे. विटेचा तुकडाही उचलू नका, कठड्यावर पाय ठेवून फोटो नको. चार वाजल्यानंतर तिरप्या उन्हात विटांचे थर उठून दिसतात, म्हणून तीच वेळ धरा. पाण्याची बाटली बरोबर हवी.)

संध्याकाळी काकांनी विचारलं, "नाटक पाहाले चालता का जी?" शेजारच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या आणि पटाच्या रात्री नाटक. झाडीपट्टीतली ही रीतच आहे. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत रात्ररात्र नाटकं होतात. मंडळ्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याच्या. हे मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच.

मंडपात तणस अंथरलेली, वर सतरंज्या, लोक घरून गोधड्या घेऊन आलेले. नाटक दहाच्या पुढे सुरू झालं. वाद्यवाले रंगमंचासमोर, गायक नट माईकवर खडा आवाज लावणारे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट होती, मध्ये लावणी, मध्ये विनोदी पात्र. दुसऱ्या अंकात धाकटा भाऊ वहिनीला घराबाहेर काढतो. माझ्या शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि स्टेजकडे हात करून म्हणाल्या, "अरे, तिनं तुले लहानाचा मोठा केला ना रे!" आजूबाजूच्या कुणालाही यात वावगं वाटलं नाही. शहरातल्या नाट्यगृहात मी अनेक नाटकं पाहिली, पण प्रेक्षक इतका आत शिरलेला पाहिला नव्हता. थंडी भयंकर होती. तिसऱ्या अंकाला मामी गोधडीत झोपल्या, मामा शेवटपर्यंत जागे.

रविवार

उशिरा उठलो. पोह्यांवर चण्याची तर्री, चहा, आणि काकूंचा निरोप. मामींनी तिळगुळाचा डबा दिला, काकूंनी तो रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात नवा जवस भरला.

ऑटो ठरवून निघालो. जाताना तटाच्या कडेने गेलो. बाहेरून पाहिलं की तटाची खरी उंची समजते. मातीचा अवाढव्य बांध, त्यावर झुडपं, मध्येच दगड-विटांचं बांधकाम उघडं पडलेलं, खाली खंदक. खंदकाच्या काठाला गोवऱ्या थापलेल्या होत्या. हरदोलाल टेकडीही वाटेत पाहिली. तिथंही स्तूप निघाला, पण जाणकार सोबत नसेल तर तिथं फारसं काही हाती लागत नाही. वेळ कमी असेल तर ही गाळा, जगन्नाथ टेकडी गाळू नका.

रुयाड गाव पवनीपासून जवळ आहे. तिथला महासमाधी भूमी महास्तूप २००७ मध्ये खुला झाला. जपानी बौद्धांच्या मदतीने पञ्ञा मेत्ता संघाने तो उभारला. शेतांच्या मधोमध पांढराशुभ्र घुमट, चारी दिशांना बुद्धाच्या सोनेरी मूर्ती. आत बोललेला शब्द घुमत राहतो, म्हणून सगळे आपोआप हळू बोलतात. रविवार असल्याने गर्दी होती. उमरेड, लाखांदूर, ब्रह्मपुरीकडून आलेली कुटुंबं, पांढऱ्या साड्यांतल्या आज्या, हातात मेणबत्त्या. एका आजींना मी विचारलं, पवनीतली टेकडी पाहिली का? त्या म्हणाल्या, "माहेर हाये माझं पवनी. लहानपनी आमी तिथं बोरं तोडाले जात होतो. स्तूप हाये म्हून कोनी सांगतलंच नाही. बाबासाहेबाईनं दीक्षा देल्ली, मंग आमाले समजलं आपलं काय काय होतं." मामांनी त्यांना विसमितेचं दान वाचून दाखवलं. आजींनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि नातीला सांगितलं, "लिहून घे गं." नातीने फोनवर टिपून घेतलं.

तिथून गोसेखुर्द. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये भूमिपूजन झालेलं हे धरण, ३३ दरवाज्यांचं. पर्यटक फोटो काढत होते, मीही काढला. पण डोंग्यातलं बोलणं मनातून जात नव्हतं, आणि पलीकडे जलाशयाच्या काठाला जलपर्णीचा हिरवा पट्टा स्पष्ट दिसत होता. या पाण्याखाली गावं गेली आहेत, शेतं गेली आहेत. फार वेळ थांबलो नाही.

(पवनीहून रुयाड आणि गोसेखुर्द मिळून ऑटोने अर्ध्या दिवसात आरामात होतं. भाडं आधीच ठरवा. फेब्रुवारीत रुयाडला धम्म महोत्सव असतो, तेव्हा गर्दी फार. जंगल सफारी करायची तर तिचं आरक्षण वेगळं आणि आधी, आम्ही केली नाही. भंडाऱ्याकडून येणाऱ्यांना अड्याळमार्गे जवळ पडतं.)

परतीची बस भिवापूरला सोडली, मिरची घ्यायची होती. गावाबाहेरच्या सातऱ्यावर गेलो. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. नजर पोचेल तिथपर्यंत लाल अंथरलेलं, आणि त्यात ओळीने बसून देठ खुडणाऱ्या बाया. तोंडाला पदर बांधलेला, डोळे तेवढे उघडे. आम्ही दहा मिनिटांत शिंकून बेजार. त्या सकाळपासून बसलेल्या होत्या, मजुरी किलोवर. एकीने आपल्या बोटांची टोकं दाखवली, तिखटाने सालटं निघालेली. "रात्री तेल लावतो, लेकराच्या डोयाले हात लावत नाही," ती म्हणाली. आम्ही मिरची घेतली, भाव केला नाही. घरी भाजीत मिरची टाकताना आता तिची बोटं आठवतात.

कुठून आलो विचारल्यावर मामांनी पुन्हा वही काढली. त्यांना आता सवयच झाली होती. देठ खुडता खुडता बाया ऐकत होत्या. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने विचारलं, "बाईचं नाव दगडावर? तवाच्या काळी?" मामा हो म्हणाले. "मंग तिथं पाटी लावाले पायजे ना जी, वाचता यील अशी."

नागपूरला पोचल्यावर मामांनी दुसऱ्याच दिवशी संबंधित खात्याला पत्र टाकलं, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. मागणी एवढीच, की जगन्नाथ टेकडीवर दात्यांच्या लेखांचा मराठी मजकूर लावावा, आणि तिथल्या शिल्पांच्या प्रतिकृती पवनीतल्या शाळांना मिळाव्यात. त्यांनी पत्राची नक्कल ठेवली आहे. पवनीला जाऊन आलेल्या, किंवा जाणार असलेल्या कुणालाही असंच पत्र लिहायचं असेल तर मजकूर मी देईन. पत्रं जितकी जास्त जातील तितकं बरं, असं मामांचं म्हणणं आहे, आणि पोस्टातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.